सोळावी मात्रा

ताटली माझ्या हातात यायला हवी होती, ती आली नाही. रविवारी आमच्याकडे भांडी तिघांत उरकतात. वहिनी घासून विसळते, मी पुसते, दादा फळीवर लावतो. फ्रिजवरच्या स्पीकरवर काहीतरी चालू असतं, आणि कधीपासून कोण जाणे, गाण्याच्या दर ओळीला एक भांडं पुढे सरकवायचं असा खेळ होऊन बसला आहे. त्या दिवशी ते गाणं लागलं होतं, त्या महिन्यात बसमध्ये, दुकानात, जिन्यात, जिथे जावं तिथे वाजणारं. मी फडकं धरून हात पुढे केला होता. ओळ संपत आली, शेवटचा सूर लांबला, माझ्या मते अजून एक ठोका बाकी होता, आणि तेवढ्यात ताटली माझ्या नाकासमोरून निघाली ती थेट दादाच्या हातात. ओलीच. पुढची ओळ सुरू झालेली होती. ती केव्हा सुरू होणार हे त्या दोघांना माहीत होतं, मला नव्हतं. "मास्तरीणबाई, झोपलात काय?" दादा म्हणाला. वहिनी मनगटानं तोंड झाकून हसली. "असू दे रे, तिला मोजू दे. मोजल्याशिवाय तिला काही पटत नाही." मीही हसले. पण माझा पुढे केलेला हात मला कितीतरी वेळ दिसत राहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मोजलं. चार बोटांची पेरं, टोकं धरून, सोळा होतात. प्रत्येक ठोक्याला अंगठा एक पेर पुढे. पहिली ओळ संपली तेव्हा अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर होता, टोक रिकामं राहिलं होतं, आणि गाणारी बाई पुढच्या ओळीत शिरलीदेखील होती. मी पुन्हा मोजलं. मग आणखी सहा वेळा. दर ओळ पंधरा मात्रांची होती. सोळावी कुणीतरी काढून घेतली होती, आणि इतक्या सफाईनं, की लांबलेल्या सुराखाली ती जागा झाकली जात होती. ओळ कुठे तुटली हे फक्त खालचा ढोल सांगत होता. मी कान तपासण्याच्या दवाखान्यात काम करते. आमच्या रिसेप्शनवरच्या बाई त्याच गाण्यावर पेन आपटत होत्या, एकाआड एक ठोक्याला. पहिल्या ओळीत त्या बरोबर होत्या. दुसऱ्या ओळीत सगळ्याच्या सगळ्या उलट्या ठोक्यांवर. तिसऱ्या ओळीत पुन्हा बरोबर, कारण दोन पंधरा म्हणजे तीस आणि तीसला दोननं भाग जातो. अर्धं गाणं चुकत होत्या आणि चेहरा अगदी तृप्त. मला तो शोध फार आवडला. लोकांना हे गाणं का सोडवत नाही ते मला कळलं असं वाटलं: ते दर ओळीला थोडं पडतं आणि दर दोन ओळींनी आपलं आपण उठतं. संध्याकाळी हे दादाला सांगायचं असं मी ठरवलं, शब्दसुद्धा जुळवले. मग आठवलं की त्याला सांगण्यासारखं यात काहीच नाही. त्याला ते येतच होतं. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे, तिला येत होतं.

वहिनी वाईट नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात मनाशी इतक्यांदा म्हटलं आहे की त्यातला अर्थ झिजून गेलाय. ती मला तापात पाणी देते, माझ्या ओढण्यांना इस्त्री करते, मी उशीर केला तर जेवायची थांबते. गणितात ती दहावीला कशीबशी सुटली, हे तीच हसत सांगते. मात्रा म्हणजे काय विचारलं तर औषधाची सांगेल. आणि तिची मान, भांडी घासताना, त्या पंधराव्या ठोक्यावर बरोबर उजवीकडे वळते. मी रात्रंदिवस मोजून जिथे पोचले, तिथे ती मान वळवून उभी होती. आई दोन पाळ्यांत काम करायची तेव्हा दुपारभर घरात दादा आणि मी दोघंच असायचो. तो अकरा वर्षांचा, मी पाच. तो पत्र्याच्या पेटीवर बोटांनी ठेका धरायचा आणि मध्येच थांबायचा. जिथे तो थांबेल तिथे मी टाळी द्यायची. चुकले की कपाळावर टिचकी. वर्षभरात टिचक्या बंद झाल्या. तो केव्हा थांबणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळायचं, खांदाही नाही, खांदा हलायच्या आधीचं काहीतरी. आई म्हणायची, तुम्ही दोघं म्हणजे एका घड्याळाचे दोन काटे. आईला जाऊन चार वर्षं झाली. दादाचं लग्न होऊन एक. आणि आता मी फडकं घेऊन उभी, आणि ताटली माझ्यासमोरून जात होती.

लग्नानंतर दादा बदलला, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण नोंदी ठेवत गेले. पहिली नोंद आवाजाची. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वरच्या मजल्यावरून खालच्या माणसाशी ओरडून बोलायची सवय, घरातही तसाच बोलायचा. तो हळू बोलायला लागला. इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागे आणि वहिनीला कधीच लागत नसे. एवढा मऊपणा त्याच्यात आहे हे मला माहीत नव्हतं; तो तिनं आणला होता, तिच्यासाठी होता, माझ्या वाट्याला त्यातला उरलेला येत होता. दुसरी नोंद खुर्चीची. जेवताना लहानपणापासून मी त्याच्या डाव्या हाताला बसते. एक दिवस त्यानं ताट उचललं आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसला, आम्ही दोघी उजवीकडे येऊ असा. "इथे वारा येतो," म्हणाला. तिथे वारा येत नाही. वहिनी त्याच्या जवळची, मी तिच्या पलीकडची. तिसरी नोंद त्याच गाण्यातली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी वहिनीची घासणी थांबते, आणि दादा वळून तिच्याकडे बघतो. दर वेळी. असं बघतो की आपण खोलीबाहेर जावं असं वाटतं.

म्हणून मी ती तिसरी ओळही उघडली. मोजण्यासारखं काही असेल तर मला धीर येतो. फोनवर सुरांचा आलेख काढणारं एक साधन आहे, त्यात तो तुकडा घातला. पहिल्या ओळीच्या शेवटी बाई जो सूर धरते, तोच तिसऱ्या ओळीच्या शेवटी धरते. रेषेवर रेषा ठेवली तर एक केसही इकडेतिकडे नाही. मग तो तिसऱ्यांदा इतका वेगळा का वाटतो? सूर हलला नव्हता. त्याच्या खालचे हलले होते. तीन सूर चारास पाचास सहा अशा कंपनांत एकत्र लागले की कानाला ती एका घरची मंडळी वाटतात, एवढं मला अभ्यासामुळे माहीत होतं. पहिल्या ओळीत बाईचा सूर त्यातला चार होता, सगळ्यांच्या तळाशी, ज्याच्यावर बाकीचे उभे राहतात तो. तिसऱ्या ओळीत खालचा बेस घसरून आणखी खाली जातो, तिथून नव्यानं चार मांडतो, आणि बाईचा सूर, न हलता, न बोलता, पाच होऊन बसतो. आता तो मधला. कुणाच्या तरी आधारानं उभा असलेला. मी फोन उपडा ठेवला आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजले. नंतर वहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिसऱ्या ओळीला तू थांबतेस का गं? काय वाटतं तिथे?" ती विचारात पडली. "कुठे? हां, तिथे. आपण घरी यावं, घर तेच, पण कुणीतरी सामान हलवलेलं असावं. तसं." मला माझ्या आकड्यांची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

मी जे केलं ते कुतूहल म्हणून केलं असं मला म्हणता आलं असतं. शनिवारी बसून मी गाण्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मात्रा घातली. लांबलेला सूर थोडा ताणला, ढोलाचा एक ठोका चिकटवला, जोड ऐकू येणार नाही इतकी तासली. चार तास लागले. गाणं सोळाचं झालं, सरळ, आज्ञाधारक, आणि खरं सांगायचं तर मेलेलं. मला बघायचं होतं की दोघं एकदम अडखळतात की वेगवेगळे. एकदम अडखळले तर त्यांनी ते एकत्र पाठ केलंय, खोलीत, दार लावून, माझ्याशिवाय. वेगवेगळे अडखळले तर निदान तेवढं तरी एकत्र नाही. रविवारी ते स्पीकरवर लावलं आणि फोन मसाल्याच्या डब्यांमागे उभा केला, चित्रण चालू करून. माझ्याच घरात मी माझ्याच माणसांवर कॅमेरा लावला होता. पहिली ओळ संपली. वहिनीची मान वळली, ताटली निघाली, आणि गाणं मागेच राहिलं. ती दचकली. "अगं बाई! याला उचकी लागली की काय?" दादाच्या हातात ताटली होती. तो आमच्याकडे आलटून पालटून बघत होता. "कुणाला?" तो म्हणाला. "अरे गाण्याला. ऐकलं नाहीस?" "हां, हो हो," तो म्हणाला आणि हसला. ते हसू वहिनीच्या हसण्याच्या जरा मागून आलं.

दुपारी मी ते चित्रण एकेक चित्र करून पाहिलं. सेकंदाला तीस चित्रं. ठेका ऐकणारा माणूस ठोक्याबरोबर हात टाकतो, बहुतेकदा केसभर आधीच, कारण त्याला ठोका येणार हे माहीत असतं. वहिनी तशीच होती. दादाचा फळीवरचा डावा हात बोटांनी ठेका धरून होता आणि ओळीच्या मध्यात तोही तसाच, अचूक. पण ओळीच्या शेवटी वहिनी चुकली तिथे तोही चुकला, आणि सहा चित्रं उशिरा. पुढच्या ओळीला पाच. त्याच्या पुढच्या ओळीला सहा. मागच्या रविवारी वहिनीनं तिच्या आईला पाठवायला काढलेला आमच्या भांड्यांचा एक व्हिडिओ होता, खऱ्या गाण्याचा, तिथेही सहा. सहा चित्रं म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्यांनी काही बघून हात हलवायला माणसाला साधारण एवढा वेळ लागतो. तो गाणं ऐकत नव्हता. तो तिची मान बघत होता. आधी मला वाटलं, मी हरले. तो तिच्यात इतका बुडालाय की त्याला गाण्याचीही गरज नाही. हे वाक्य मनात पूर्ण झालं, आणि त्याच्यामागून, फार सावकाश, माझं शिक्षण आलं. खालचा ढोल ऐकू न येणारा माणूस. स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो म्हणून हळू बोलणारा माणूस. डावीकडचं कुणी नको असलेला माणूस. हे सगळं एकत्र घेऊन एखादा अनोळखी माणूस दवाखान्यात आला असता, तर तो खुर्चीत बसायच्या आधी मी सांगितलं असतं: कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं, ते आखडत चाललंय, आधी खालचे सूर जातात. माझ्या भावाच्या बाबतीत मी त्याला प्रेम म्हटलं होतं. वर्षभर.

वहिनी बाल्कनीत कपडे काढत होती. मी तिच्या हातात फोन दिला. तिनं चित्रण बघितलं, डब्यांमागचा कोन ओळखला, आणि फोन मला परत दिला. "कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं. "चार महिने झाले." "आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय काम करते ते माहीत आहे ना?" "म्हणूनच," ती म्हणाली. चिमटे एकेक करून डब्यात टाकत राहिली. "तो म्हणाला, तिला कळलं की ती मला तपासेल. मला तिचा पेशंट व्हायचं नाही. मी तिचा दादा आहे. असं म्हणाला." मग थांबून, "मोटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तो, गं. कागदावर आलं की त्याला वरच्या कामावरून काढतील. मी रोज म्हणत होते, सांग, सांग. मला एकटीला झेपत नव्हतं ते." तिचे डोळे भरले होते. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला एवढंच ऐकू येत होतं की चार महिने एक गोष्ट होती आणि ती त्यांची होती. त्यानं न ऐकू येणंसुद्धा तिला देऊन टाकलं होतं.

दादा यायला तयार झाला तो दहा दिवसांनी, शनिवारी, दुपारी दवाखाना बंद असताना. "नापास झालो तर टिचकी मारू नकोस म्हणजे झालं," म्हणाला. नेहमीपेक्षाही हळू. आवाजबंद खोलीत मी त्याला काचेकडे पाठ करून बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. ऐकू आलं, अगदी बारीक जरी, की दाबायचं. दाबलं की माझ्यासमोरच्या यंत्रावर दिवा लागतो. "वहिनी, तू बाहेर थांब," मी म्हटलं. नियम तसाच आहे. तपासताना घरचं माणूस समोर नको, पेशंट चेहरे वाचतो. पण त्याची तर पाठ होती. नियम सांगताना मला जी गोडी लागली ती नियमाची नव्हती.

डावा कान, सगळ्यात खालचा सूर. चाळीस डेसिबलला दिवा लागला. तीसला लागला. वीसला लागला. दहाला लागला. मी हात काढून घेतला. दहा म्हणजे लहान मुलाचा कान. क्षणभर वाटलं, सगळं चुकलं, तो बरा आहे, सहा चित्रं म्हणजे प्रेमच होतं. आणि या दोन गोष्टींतली कुठली जास्त टोचली ते मला सांगता येणार नाही. मग मी आवाज पूर्ण बंद केला आणि नुसतीच कळ दाबली. दिवा लागला. थांबले. तीन सेकंद, पाच, पुन्हा मुकी कळ. दिवा लागला. आमच्या कामात दोन सुरांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही, नाहीतर माणूस कानानं नाही, अंदाजानं दाबतो. मी ते कधीच सारखं ठेवत नाही, त्याचा मला अभिमान आहे. दहा मुक्या कळांना आठ दिवे लागले. मी माइक चालू करून आवाज मोठा केला. "दादा, काय ऐकू येतंय तुला?" पाठमोऱ्या दादाचे खांदे किंचित वर झाले. "काही नाही गं," तो म्हणाला. "पण तू केव्हा देणार ते कळतं मला. दोनदा लवकर देतेस, मग एकदा मुद्दाम ताणतेस, आणि ताणून कंटाळलीस की लगेच देतेस. लहानपणापासून." आणि अपराध्यासारखा, "मला नापास व्हायचं नव्हतं."

त्याच्याकडे ते होतं, पत्र्याच्या पेटीवरचं. कुणाची मान न बघता, पाठ फिरवून, संपूर्ण शांततेत, अजून होतं. ज्याच्यासाठी मी गाणं फाडलं आणि कॅमेरा लावला ते इतका वेळ माझ्यासमोर दिव्यासारखं लागत होतं, आणि ते असेपर्यंत मला त्याचा कान कधीच कळणार नव्हता. जगात एका माणसाला मी तपासू शकत नव्हते. मला हे कुणाला सांगावंसं वाटेना, निदान आजच्या दिवस तरी. मी तिथेच थांबू शकले असते. यंत्र बिघडलंय म्हणाले असते, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले असते, आणि एक महिना हाड आणखी आखडलं असतं. मी उठून दार उघडलं. बाहेरच्या बाकावर वहिनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून बसली होती, परीक्षेच्या हॉलबाहेर बसावं तशी.

"आत ये. कळ तू दाब."

"मी? अगं, मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"म्हणूनच. आवाज किती ते मी ठरवीन. केव्हा ते तू. वाटेल तेव्हा दे. मोजू नकोस." दादाला मी काहीच सांगितलं नाही. तिनं पदराला हात पुसला, खुर्चीच्या कडेवर बसली आणि कळीवर बोट ठेवून त्या पाठीकडे बघत राहिली. मी तीसवर लावलं. ती थांबली, मी कधीच थांबले नसते इतका वेळ. खोलीत दादाचा खांदा मी देत असते तिथे एकदा हलला आणि सैल पडला. मग तिनं कळ दाबली. दिवा लागला नाही. पुन्हा दाबली. लागला नाही. तिसऱ्यांदा. काचेपलीकडे त्याची मान जराशी तिरकी झाली होती, कुठल्यातरी मोटरचा आवाज धरायला जावं तशी, आणि काहीच येत नव्हतं.

"त्याला ऐकू आलं का?" वहिनीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजातला आनंद मला स्वच्छ ऐकू आला. तिलाही आला असणार. तिनं कळीवरचं बोट काढलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पाच डेसिबल वाढवले आणि म्हटलं, "दे."